सहाव्या वैमानिकाची फाइल

१

कपाटात आठ फाइली असायला हव्या होत्या आणि होत्या सात.

कारकुनाने तीनदा मोजल्या. वरून खाली, खालून वर, आणि मग एकेकीवर बोट ठेवून. बेरीज काही केल्या बदलेना. पाच नंबरच्या फाइलीवर सात नंबरची फाइल तिरकी होऊन रेलली होती, शेजारचा उठून गेला की बाकावरचा माणूस पसरतो तशी.

आठ फाइली म्हणजे आठ नवे वैमानिक. विमान कंपनीने त्यांना निवडलं होतं, पण कंपनीचं विमान चालवायला शिकण्याचा खर्च ज्याचा त्याने भरायचा, अशी अट होती. आठही जणांनी तो भरला होता. कुणी कर्ज काढलं, कुणी घरातलं काही विकलं. आता शिकणं संपलं होतं. त्याच दिवशी दुपारी चार वाजता समिती बसणार, फाइली बघणार आणि कुणाला खऱ्या विमानात बसवायचं ते ठरवणार होती.

साडेदहाला हिशेबतपासनीस बाईंना बोलावणं गेलं. बाई सत्तावन्न वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'ताळेबंद' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. पाठीमागे का होईना, आपल्याबद्दल कुणी काही बोलतं, हे त्या जमेच्या बाजूला धरत.

"मॅडम, करारातलं चौदावं कलम तुम्हाला पाठ असेल," व्यवस्थापक म्हणाले.

"नोंदी आपल्या हातून गहाळ झाल्या किंवा चुकीच्या ठरल्या, तर त्या माणसाचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून. आपल्या खर्चाने."

"गहाळ झाल्या तर. बरोबर. आणि अकरावं?"

"शिकणाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी नोंदींना हात लावला, तर तो घरी. भरलेले पैसे परत नाहीत."

"बस्स. मला चारच्या आत अकरावं कलम पाहिजे."

"फाइल नको?"

"मिळाली तर उत्तमच." व्यवस्थापकांनी आवाज खाली आणला. "मॅडम, फुकट शिकवत होतो तेव्हा काय व्हायचं, विसरलात? शिकायचे आणि सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत पळायचे. आता पैसे त्यांचे आहेत, तर असली थेरं. सहाव्याची फाइल आहे ही. बापाने छापखाना विकून पैसे भरलेत त्याच्या. पोरगा नापास झाला असणार, दुसरं काय? चांगले गुण असलेली फाइल कोण चोरतो?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच बाईंना तो आवडला नाही.

२

कारकुनाची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती आणि चेहरा आठ दिवसांवर आल्यासारखा होता.

"नाना, कपाट किती वाजता उघडलंत?"

"आठला, बाई. रोज आठलाच. नऊ वाजता बंद करताना मोजल्या तर ही एक कमी. मधला तासभर मी इथेच, ह्या आडोशामागे. बिलं लिहीत होतो."

"कपाट दिसतं इथून?"

"दिसत नाही, पण ऐकू येतं. आणि ऐकून ऐकून कान किटलेत. तो तंत्रज्ञ आला, शाई संपली म्हणे. चहावाला आला, साखर किती. मग कुणी आलं, सहा नंबर, कन्फर्म? म्हटलं, कन्फर्म. मग झाडणारी आली, पाय वर करा. बाई, मी बिलं लिहू की पाय वर करू?"

"सहा नंबर कुणी विचारला?"

"भिंतीवर वेळापत्रक आहे ना, त्यात सहा नंबरची वेळ असते. सकाळपासून तेच विचारतात. मी मान वर करत नाही. मान वर केली की आकडा चुकतो."

हे मात्र बाईंना पटलं. त्या स्वतःही मान वर करत नसत.

"आवाज शिकवणाऱ्या कॅप्टनचा होता का?"

"छे. कॅप्टनचा आवाज मी झोपेतही ओळखीन. शिवाय ते दहाच्या आधी उगवत नाहीत. कुणीतरी पोरगाच होता. आठही जणांचे आवाज मला सारखेच वाटतात."

बाईंनी बिलांची चळत ओढून घेतली. प्रत्येक दिवसाच्या शिक्षणाची एक पिवळी चिठ्ठी बिलासाठी कारकुनाकडे येते. तिच्यावर गुण नसतात. असते फक्त तारीख, तास, शिकवणाऱ्याची सही, शिकणाऱ्याची सही, आणि एक चौकट: जादा तास लागतील का? नापास झालेल्याला जादा तास लागतात आणि त्यांचे पैसेही तोच भरतो. म्हणून ती चौकट बिल करणाऱ्याला हवीच.

सहाव्याच्या चिठ्ठ्या बाईंनी ओळीने लावल्या. शेवटची, परवाची, त्यांनी खिडकीपाशी नेली.

चौकटीत कॅप्टनच्या अक्षरात लिहिलं होतं: नाही.

म्हणजे सहावा पास झाला होता. आणि कॅप्टनच्या सहीशेजारी, जिथे शिकणाऱ्याने सही करायची, तिथे कागद कोरा होता.

३

सिम्युलेटर म्हणजे सहा पायांवर उभी असलेली पांढरी खोली. आत हुबेहूब विमानाचा पुढचा भाग, खिडक्यांत खोटं आकाश. ती जागची हलत नाही, पण आत बसलेल्याला घाम फुटतो.

तिच्या पायांना वंगण देणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे ग्रीसभाऊ म्हणत. तो बाईंना बघून उभा राहिला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला, ते त्याच्या खांद्यावरच होतं.

"परवाच्या सत्राची काही नोंद असते तुमच्याकडे?"

"गुणांची नसते. माझ्याकडे फक्त धक्क्यांची." त्याने वही काढली. "आतला माणूस आपटला, की शिकवणारे बटण दाबून विमान परत धावपट्टीच्या टोकाला आणून ठेवतात. पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी खोली दणकन जागेवर येते आणि माझे पाय झिजतात. म्हणजे हिचे पाय. म्हणून मी मोजतो."

बाईंना हा माणूस एकदम जवळचा वाटला. जगात दुसरं कुणी नाही मोजत ते मोजणारा. त्यांनी कपाटातल्या सातही फाइली मागवल्या आणि वहीशी ताडून पाहिल्या. दोनदा आपटला, फाइलीत दोनदा. तीनदा, तर तीनदा. पै न पै जुळली.

सहाव्याच्या सत्रासमोर ग्रीसभाऊने नऊ लिहिले होते.

"नऊ वेळा? आणि पास?"

"ते कॅप्टनना विचारा. मी वंगणवाला."

बाहेरच्या बाकावर एक मुलगी दंडावर कापूस दाबून बसली होती. ती आठांमधली पाचवी. शिक्षण जोडीजोडीने होतं आणि सहाव्याची जोडीदारीण तीच.

"मी नव्हते हो मॅडम सकाळी. साडेसातपासून दहापर्यंत वैद्यकीय तपासणीला. दोन बाटल्या रक्त काढलं. पावती दाखवू?"

"दाखव." बाईंनी पावती खरोखरच बघितली. "तुझा जोडीदार कसा आहे?"

"शहाणा आहे. गप्प असतो. नियमाने वागतो, जरा जास्तच." ती उठली. बाईंना पंख्याचा वारा झोंबतोय हे तिने बघितलं असावं. भिंतीवर चार बटणं होती. तिने दुसऱ्यावर बोट टेकवलं आणि मागे न बघता म्हणाली, "दोन नंबर, कन्फर्म?"

बाई बघतच राहिल्या. दोन क्षण गेले. मग मुलीला हसू आलं. "सॉरी. सवय लागलीय. परत न फिरवता येणारी गोष्ट एकट्याने करायचीच नाही, असं डोक्यात बसवतात. एक इंजिन पेटलं, ते बंद करायचंय. घाईत चांगलंच बंद केलं तर? म्हणून इंजिन बंद करायच्या दांड्याच्या मुठीवर हात ठेवायचा, नंबर बोलायचा, कन्फर्म विचारायचं. शेजारच्याने डोळ्यांनी बघून कन्फर्म म्हटलं, की मगच ओढायचं. तोवर हात नुसता ठेवून थांबायचं. घरी आई चिडते. गॅस बंद करतानाही विचारते मी."

पंखा थांबला. बाई थांबल्या नव्हत्या, त्या कॅप्टनच्या खोलीकडे निघाल्या होत्या.

४

कॅप्टन डबा उघडून बसले होते आणि जेवत नव्हते.

"नऊ वेळा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"दहाव्यांदा नीट झालं. मी 'नीट' लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही, बाई. फक्त आधीचे नऊ सोडून दिले. तुमच्यात काय म्हणतात त्याला?"

"नऊ खर्च गाळून एकच जमा दाखवली तर? खोटा ताळेबंद म्हणतात."

"हं." कॅप्टननी डबा झाकला. "मी चोवीस वर्षं शिकवतोय. आधी खर्च कंपनीचा असायचा. सतरा जणांना मी घरी पाठवलं, एकदाही झोप उडाली नाही. आता समोर बसतो तो शिष्य की गिऱ्हाईक, हेच कळेनासं झालंय. नापास लिहायला पेन उचललं, की समोर आकडा दिसतो."

"त्याने काही मागितलं?"

"त्याने नाही. बाप आला होता त्याचा. त्यानेही नाही मागितलं. मागितलं असतं तर बरं होतं, हाकलून दिला असता. त्याने फक्त विचारलं, जादा तास लागले तर किती होतील. मी आकडा सांगितला. तो 'बरं' म्हणाला, चप्पल घातली आणि गेला. दाराशी एकदा वळून म्हणाला, पोरगा हुशार आहे हो आमचा." कॅप्टन खिडकीतून बघू लागले. "बायको असताना घरी जाऊन असलं काही बोलता यायचं. आता मी घरी जातो आणि बातम्या लावतो."

"फाइल तुम्ही नेली असतीत तर मला नवल वाटलं नसतं."

"मला कशाला न्यायला लागते? मला हवी तेव्हा मागून घेता येते. आणि मी तर तिच्यावरच्या सहीची वाट बघतोय, परवापासून. पोराने अजून सही केलेली नाही. मी दोनदा फाइल पुढे केली. पहिल्यांदा म्हणाला, पेन नाहीये. दुसऱ्यांदा म्हणाला, वाचून करतो." त्यांनी बाईंकडे बघितलं. "पास झालेला माणूस वाचून सही करतो असं कधी बघितलंत?"

बाईंनी बघितलं नव्हतं. जिन्यावर त्या मधल्या पायरीवर उभ्या राहिल्या.

रोज सकाळी त्या घराला कुलूप लावतात, दोन मजले उतरतात आणि परत चढतात. गॅस बंद केला का, हे बघायला. केलेला असतोच. पण आतून 'हो, केलाय' म्हणणारं घरात कुणी नाही, म्हणून डोळ्यांनी बघून यावं लागतं. सत्तावन्नाव्या वर्षी दोन मजले जादा.

एखाद्याला परत न फिरवता येणारी गोष्ट करायची असेल, त्याची जोडीदारीण रक्त द्यायला गेली असेल, तर तो काय करेल? हात ठेवेल. नंबर बोलेल. आणि आडोशामागून कुणी का होईना, 'कन्फर्म' म्हणेपर्यंत थांबेल.

दीड वाजला होता. बाईंनी वेळापत्रकाशेजारी लावलेला सहाव्याचा पत्ता लिहून घेतला.

५

भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडंच होतं.

आत एका भिंतीवर कागदाचं विमान होतं. उडणारं नव्हे. विमानाच्या समोरच्या भागाचं, सगळी बटणं आणि काटे छापलेलं, माणसाच्या उंचीचं चित्र. त्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर सहावा बसला होता, पाय जमिनीवर आखलेल्या दोन चौकोनांवर. दुसरी रिकामी होती. फाइल गादीवर होती, लपवलेली नव्हती.

"या मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही येणार असं वाटलं होतं. जरा उशीर झाला तुम्हाला."

"चौकश्या करत आले. नानांनी तुला कन्फर्म म्हटलं?"

त्याचा चेहरा पहिल्यांदा हलला. "हात फाइलीवर गेला आणि तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, आता ते उठून बघतील आणि नाही म्हणतील. मी थांबलो होतो, मॅडम. खरंच थांबलो होतो. त्यांनी कन्फर्म म्हटलं."

"काय चुकतं तुझं?"

"पाय." त्याने उजवा पाय दाबून दाखवला. "उडताना डावं इंजिन गेलं की विमान डावीकडे ओढतं. उजवा पाय द्यायचा. माझा डावा जातो. नेहमी नाही. इथे घरी तीनातून एकदा. परवा आत नऊ वेळा गेला."

बाईंच्या डोक्यात आकडे आपोआप सुरू झाले. एका विमानात एकशे ऐंशी माणसं. त्यांनी ते थांबवले.

"मग कॅप्टनना सांगायचं, मला नापास करा."

"नापास झालो तर जादा तास. त्यांचे पैसे बाबांनी भरायचे. छापखाना गेलाय, आता राहतं घर उरलंय. ते विकतील, मॅडम. तोंडातून शब्द काढणार नाहीत, विकतील. आणि पास झालो तर सोमवारी खऱ्या विमानात." तो पाय मागेपुढे करत होता, थांबत नव्हता. "मी करार वाचला. आठ जणांत मीच वाचला असेन. फाइल हरवली तर शिक्षण पुन्हा, कंपनीच्या खर्चाने. मला पास नको होतं आणि नापासही नको होतं. मला अजून शिकायचं होतं."

"आणि सापडलास तर अकरावं कलम. तू घरी, पैसे बुडाले."

"हो. ते पण वाचलं होतं."

बाईंनी फाइल उचलली. चाळली. गुण खरोखर उत्तम होते. अशी सुरेख खोटी फाइल त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती.

"ही मी घेऊन चाललेय," त्या म्हणाल्या. "आणि समितीत मी खोटं बोलणार नाही. नंतर सांगितलं नाही म्हणू नकोस. चारला ये तिथे."

६

चारला समितीत पाच माणसं होती. त्यातली दोन फक्त चहासाठी होती. दाराशी सहावा उभा होता आणि कोपऱ्यात कॅप्टन.

"फाइल ही," बाईंनी टेबलावर ठेवली. "नेली त्यानेच. सकाळी साडेआठच्या सुमाराला, कारकुनाला विचारून आणि कारकुनाने न बघता."

व्यवस्थापकांनी समाधानाने पाठ टेकली. "अकरावं कलम."

"अकराव्यात 'स्वतःच्या फायद्यासाठी' असं आहे. उघडून बघा, तो पास आहे. आठांत दुसरा."

त्यांनी उघडून बघितलं. मग पुन्हा बघितलं. "मग नेली कशाला? फुकट शिकायला मिळावं म्हणून. तो फायदाच झाला."

"कुणाचा?" बाईंनी विचारलं. "सोमवारी त्याच्या मागे एकशे ऐंशी लोक बसणार होते. त्यांच्या खात्यात टाकायचा की त्याच्या, ते तुम्ही ठरवा. आता ही वही बघा. यंत्राच्या आकड्याशी सात फाइली जुळतात. ही जुळत नाही. नऊ वेळा आपटलेला माणूस हिच्यात एकदाही आपटलेला नाही. म्हणजे नोंद चुकीची आहे, आणि ती त्याच्या हातची नाही."

कोपऱ्यातून कॅप्टन उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"माझ्या हातची आहे," ते म्हणाले. "तो नापास होता. मला लिहिता आलं नाही."

चहा पिणाऱ्या दोघांनी कप खाली ठेवले.

"चौदावं कलम 'गहाळ झाल्या'पाशी संपत नाही," बाई म्हणाल्या. "'किंवा चुकीच्या ठरल्या' असंही आहे. सकाळी मी पूर्ण म्हटलं होतं, तुम्ही अर्धं घेतलंत."

"आणि मी अकरावंच लावलं तर?"

"लावा की. कारण लिहावं लागेल, ते मी टाइप करून आणलंय." बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "'सदर वैमानिकाने, आपण पास झालो असलो तरी आपल्याला विमान नीट चालवता येत नाही, ह्या कारणास्तव फाइल नेली. सबब त्याला काढून टाकण्यात येत आहे.' खाली तुमची सही. एक प्रत परवाने देणाऱ्या खात्याला जाते, नियमाप्रमाणे."

व्यवस्थापकांनी तो कागद वाचला. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि टोपण परत लावलं.

"एका माणसाचं शिक्षण किती पडतं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी आकडा सांगितला.

"बरं," व्यवस्थापक म्हणाले.

निर्णय पावणेपाचला झाला. सहाव्याला लेखी ताकीद, आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा शिक्षण, कंपनीच्या खर्चाने. शेवटी येईल तो निकाल, पास असो की नापास. कॅप्टनकडून शिकवणं काढून घेतलं. त्यांनी हरकत घेतली नाही. आपल्या खोलीतून त्यांनी फक्त डबा नेला. बाकी त्यांचं तिथे काही नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं आणि नको तितका वेळ लक्षात राहिलं.

"मॅडम," व्यवस्थापक जाता जाता म्हणाले, "तुम्ही पगार कंपनीचा घेता ना?"

"महिन्याच्या महिन्याला. तपासून घेते."

सगळे गेले. बाई पिशवी भरत असताना बाहेरच्या लांब मोकळ्या व्हरांड्यातून सहाव्याचा आवाज आला. तो टोकाच्या खिडकीशी भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"बाबा. हो, झाली समिती... नाही, सोमवारी नाही... नाही नाही, पैसे नाही लागणार. एक पैसाही नाही. ऐका ना." तो थांबला. "सगळे पास म्हणाले म्हणून काय झालं, बाबा. मला अजून येत नाही. डावं इंजिन गेलं की माझा पाय चुकतो. मी परत शिकणारे. कदाचित नाहीच जमणार. तेही होऊ शकतं. मला तुम्हाला हे आधी सांगायचं होतं."

बाईंना वाटलं, इथे थांबू नये. त्या हलल्या नाहीत.

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू येणं शक्य नव्हतं. सहावा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने कपाळ भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, "हो. आहे मी फोनवर."